दीवच्या किनाऱ्यावर आजीचं लुगडं

"दीवले? लेकरं घेऊन? तिथं तं पिणारे जातात."

अकोल्यात आमच्या सहलीची बातमी फुटली तेव्हा दहापैकी नऊ जण हेच म्हणाले. दहाव्याने सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन दोन बाटल्या आणायला सांगितल्या. म्हणून आधीच लिहून टाकते: आम्ही दीवला सात वर्षांची ओवी आणि चार वर्षांचा पार्थ यांना घेऊन गेलो, चार दिवस राहिलो, आणि हा मजकूर लहान मुलं असलेल्यांसाठी आहे. बाटल्यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

दीवच का, तर ते बेट आहे आणि रेल्वेने त्याच्या जवळपर्यंत जाता येतं. अंदमानचं विमान चौघांना परवडणारं नव्हतं. आणि मला मुलांना उतरता येईल असा उथळ, शांत समुद्र हवा होता. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

सुधीरचं गाव पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथे बोअर मारा नाहीतर विहीर खणा, पाणी खारंच लागतं. लग्न होऊन मी चांदूर बाजारच्या गोड्या विहिरीवरून त्या गावी आले आणि पहिल्याच दिवशी बोअरच्या पाण्याने चूळ भरली, ती चव अजून जिभेवर आहे. प्यायला नळ येतो, पण शेताला गोडं पाणी हवं तर पावसाचं साठवावं लागतं. म्हणून आमच्याकडेही शेततळं आहे. खोल खड्डा, आत काळा प्लास्टिकचा कागद. त्या कागदावर शेवाळ धरलं की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ओवी त्यात घसरली. जवळ फक्त सासूबाई होत्या. आमच्या आई कधी डोक्यावरचा पदर पडू देत नाहीत. त्यांनी अंगावरचं हिरवं नऊवारी लुगडं सोडलं, दूर शेतातून धावत येणाऱ्या गड्यांदेखत, आणि त्याचं टोक पाण्यात फेकलं. ओवीने ते धरलं. आईंनी तिला ओढून वर काढलं. घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही. ते लुगडं धुऊन पेटीत गेलं आणि आईंनी पुन्हा नेसलं नाही.

तेव्हापासून घरात दोन गोष्टी सुरू झाल्या. ओवी तोंडावर पाणी घेईना. सव्वा वर्ष दर रविवारी केस धुताना रडारड, शेवटी ओल्या टॉवेलने डोकं पुसायचं. आणि आईंनी नियम घातला की नदी, कालवा, पोहण्याचा तलाव, कुठल्याही पाण्याजवळ पोर न्यायची नाही. सगळे नातेवाईक त्यांच्या बाजूने. मी एकटी म्हणत होते की अशाने भीती हिच्यासोबत मोठी होईल.

सुधीरने सुचवलं की आईला सोमनाथला जातोय असं सांगू, वेरावळपर्यंतचा रस्ता तर तोच आहे. मी नाही म्हटलं. ज्या बाईने माझी मुलगी वाचवली तिच्याशी खोटं बोलून मला जायचं नव्हतं. गावी जाऊन सरळ सांगितलं. आई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

"पाण्यानं पोर अर्धी गिळली व्हती, अन् तू तिले समुद्रावर घेऊन जाऊन राहिली?"

मी माझी कारणं सांगितली. शांतपणे सांगितली असं मला वाटलं, सुधीरच्या मते मी भाषण दिलं. आईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मी एकदा ओढली वर. आता कोण ओढन?"

तरी मी तिकिटं रद्द केली नाहीत.

अट आली ती ओवीकडूनच. आजीचं हिरवं लुगडं सोबत असेल तर येते, नाहीतर पार्थला न्या. आईंनी पेटी उघडली, लुगडं काढलं, घडी घातली आणि ओवीच्या हातात दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

प्रवास. अकोल्याहून अहमदाबादला थेट गाड्या आहेत. अहमदाबादहून रात्रीच्या गाडीने सकाळी वेरावळ. तिथून दीव नव्वदेक किलोमीटर, कोडिनार आणि उनामार्गे. एसटीही जाते, पण दोन मुलं आणि चार पिशव्या असतील तर सरळ टॅक्सी करा. रस्त्यात गाठिया आणि तळलेल्या मिरच्या खाव्यात. घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मात्र पुरेशी न्या, कारण तिकडच्या गोड वरणावर आमच्या पार्थने दोन्ही वेळा तोंड फिरवलं. "वरणात साखर कोणी सांडली?" असं त्याने वाढणाऱ्यालाच विचारलं. मराठी कळत नसल्यामुळे त्या भल्या माणसाने आणखी वाढलं.

घोघलाचा पूल ओलांडला की बेट. पुलापलीकडे दारूची दुकानं ओळीने दिसतात, हे खरं आहे. त्यापलीकडे जुन्या रंगीत भिंती, बोटी, आणि फांद्या फुटलेली होक्का ताडाची झाडं आहेत, हेही तितकंच खरं आहे. ताडाला दोन डोकी आलेली बघून मुलं दिवसभर ती मोजत होती.

पहिला दिवस, नागवा. हा इथला सगळ्यांत प्रसिद्ध किनारा. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, पाणी उथळ. पण आम्ही संध्याकाळी पोचलो ही चूक झाली. पाण्यावर चालणाऱ्या स्कूटर घुरघुरत होत्या, वाळूवर मित्रमंडळींचे घोळके आधीच रंगात आले होते. ओवी वाळूच्या सुरुवातीलाच थांबली आणि लुगडं पोटाशी धरून तिथेच बसली. नागव्याला जायचं तर सकाळी नऊच्या आत जा.

दुसरा दिवस, आणि माझी चूक. सकाळी जालंधर किनाऱ्यावर गेलो. दीव गावापासून जवळ, पण खडकाळ. पोहायला नाही, खेकडे बघायला उत्तम. खडकांच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात ओवीने बोटं घातली. मला तेवढंच पुरायला हवं होतं. पुरलं नाही. अकराच्या सुमारास मी सगळ्यांना पुन्हा नागव्याला नेलं, ओवीचा हात धरला आणि चालत पाण्यात शिरले. चार पावलं, फक्त घोट्यापर्यंत, असं म्हणत. ती किंचाळली. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी तरीही आणखी एक पाऊल ओढलं तिला.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. माझ्या दुसऱ्या हातात फोन होता. कॅमेरा चालू होता. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा फोटो मी मनात आधीच काढून ठेवला होता. म्हणजे त्या पाण्यात मी तिच्यासाठी गेले होते की "काहून जाता?" विचारणाऱ्या त्या सगळ्यांना उत्तर द्यायला, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. सुधीर आला, तिला उचलून वाळूवर घेऊन गेला.

दुपारी पाण्याचं नाव काढलं नाही. मुलांसाठी इथे पाण्याबाहेरही भरपूर आहे. शिंपल्यांचं एक संग्रहालय आहे, तिथे एकेका शिंपल्यावर भिंग लावलेलं असतं. पार्थ तासभर तिथून हलला नाही. नायडाच्या गुहांत छतातल्या भोकांतून उजेडाचे खांब उतरतात, लपाछपीला यापेक्षा चांगली जागा मी पाहिलेली नाही. किल्ल्यात तोफा आहेत आणि तीन बाजूंना समुद्र. दिवसभराच्या रिक्षेला हजार-बाराशे पडतात, आधी ठरवून घ्या. टोप्या न्या, किल्ल्यात सावली नाही.

किल्ल्याच्या तटावर मी ओवीची माफी मागितली. ती तोफेवर पाय सोडून बसली होती. उद्या तू म्हणशील तेच, म्हणाले. तिने विचारलं, आणि मी काहीच म्हटलं नाही तर? तर काहीच नाही, घरी जाऊ. हे म्हणाले खरं, पण तसंच झालं असतं तर अकोल्यात मला कोणी सोडलं नसतं.

तिसरा दिवस, घोघला. लहान मुलं असतील तर इथेच या, बाकी सगळं नंतर. पुलाच्या अलीकडे असल्यामुळे ही जागा बेटावर मोडत नाही म्हणे. नसू दे. लांब, स्वच्छ किनारा, कपडे बदलायला खोल्या, स्वच्छतागृहं, जीवरक्षक. ओहोटीला पाणी इतकं दूर जातं की पन्नास पावलं चाललं तरी गुडघे कोरडे. ओहोटीची वेळ उतरलेल्या ठिकाणी आदल्या रात्रीच विचारून घ्या. आम्ही सात वाजता पोचलो तेव्हा किनाऱ्यावर आम्ही चौघं आणि शिट्टी गळ्यात अडकवलेला एक जीवरक्षक.

मी फोन पिशवीत टाकला आणि पिशवीवर बसले. ओवी लुगडं खांद्यावर घेऊन माझ्यापासून दूर बसली. पार्थ थेट पाण्यात गेला, पडला, नाकातोंडात पाणी गेलं, थुंकला आणि तिथूनच ओरडला, "ताई, हे तर आजीच्या बोअरचं पाणी आहे!"

ओवीने मानेनेच नाही म्हटलं. पार्थ खोटं बोलण्यात पटाईत आहे, त्याच्यावर घरात कोणी विश्वास ठेवत नाही. तो म्हणाला शप्पथ. ती म्हणाली चूप. तो म्हणाला ये ना मग, चाटून बघ. ती उठली. किनाऱ्याच्या ओल्या रेघेपर्यंत गेली, वाकली, बोट बुडवून जिभेला लावलं. मग पुन्हा एकदा.

"याच्यात जास्त मीठ आहे," ती म्हणाली. "पण तेच आहे."

ज्या पाण्याने गावी तिचे पाय धुतले जातात, भांडी घासली जातात, ज्याला सगळे नावं ठेवतात, ते पाणी. ती तिथेच उभी राहिली. एक लाट पायावरून गेली आणि परत आली. मी उठले नाही. हे मी त्या चार दिवसांत केलेलं सगळ्यांत अवघड काम.

थोड्या वेळाने तिने लुगड्याचं टोक पुढे केलं. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "तू नको. तू ओढतेस. बाबाला दे."

सुधीरने टोक हातात घेतलं. दुसरं टोक ती कमरेला बांधायला लागली तेव्हा जीवरक्षक जवळ आला. "बाँधना मत बेटा, पकड़ के रखो. छोड़ना हो तो छोड़ सको." हे मीही लक्षात ठेवलं, तुम्हीही ठेवा. मुलाला पाण्यात काहीही बांधू नका.

ती गुडघ्यापर्यंत गेली. मग कमरेपर्यंत. हिरवं कापड पाण्यावर पसरत, भिजत, जड होत तिच्यामागे गेलं. सुधीर एकेक पाऊल पुढे सरकत होता. तेवढ्यात एक लाट आली, मोठी नव्हे, पण तिच्या डोक्यावरून गेली. मला हिरवं दिसलं आणि ती दिसली नाही. मी उठून धावत निघाले होते.

ती वर आली. केस तोंडाला चिकटलेले, खोकत. टोक हातातच. रडली नाही. माझ्याकडे, मग सुधीरकडे बघून म्हणाली, "परत."

त्यानंतर किती वेळा परत झालं ते मोजलं नाही. चौथ्या दिवशी गाडीला जाण्याआधी पुन्हा घोघलालाच गेलो. त्या दिवशी लुगडं वाळूवर पडून होतं. फोटो एकही नाही.

घरी. रविवारी गावी गेलो. लुगडं वाळून कडक झालं होतं, घडीवर पांढऱ्या रेघा. आईंनी ते हातात घेऊन चुरगाळून बघितलं. ओवीने धावत जाऊन सांगितलं की समुद्राचं पाणी आपल्या बोअरसारखंच खारं असतं.

"मंग एवढ्या दूर काहून गेल्या?" आई म्हणाल्या.

अंगणात बोअरच्या पाण्याची बादली भरलेली होती. ओवी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, श्वास घेतला आणि अख्खं डोकं आत घातलं. आई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांचा हात निऱ्यांकडे गेला आणि तिथेच राहिला. ओवी फुरफुरत वर आली. आई आत गेल्या, टॉवेल आणला, तिचं डोकं पुसलं. जरा जास्तच जोराने.

नंतर चुलीपाशी मला म्हणाल्या, "तुह्यं काही खरं नव्हतं, वंदना. बुडाली असती तं?"

मी बरोबर होते असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी तिला ओढलेलं ते एक पाऊल मला आठवतं. पण मी पुन्हा जाईन, आणि कोणाला न विचारता जाईन. ओवीचं नाव अकोल्यातल्या पोहण्याच्या तलावात घातलं आहे. नातेवाईकांना तेही सांगून टाकलं आहे.

एक गोष्ट मात्र सहलीच्या आधीच करायला हवी होती, ती परतल्यावर केली. शेततळ्याला चारी बाजूंनी जाळी, आत हातभर अंतराने गाठी मारलेले चार दोर, आणि पाण्यावर दोन टायरच्या ट्यूब. तुमच्या शेतात तळं असेल तर दीवचं तिकीट काढण्याआधी हे करा. जाळी ठोकत होतो तेव्हा आई बघायला आल्या. त्या दिवसानंतर त्या तळ्याच्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. एकेक दोर ओढून त्यांनी गाठ पक्की आहे का ते तपासलं.

हिरवं लुगडं नेसल्या होत्या.