अडकलेला अंगठा आणि तापलेला विळा

मंडळी, आज सकाळी किकवीला भाचीकडे गेलो होतो. रोज अंगठा मुडपून म्हशीची धार काढते, म्हणून तिचा अंगठा वाकला की अडकतो, ओढला की कट्‌कन सुटतो.

तिचे सासरे त्या अंगठ्यावर उपाय म्हणून डाग द्यायला विळा तापवत बसलेले.

"डाक्तर काय म्हणाला गं?" मी भाचीला विचारलं.

"मामा, बांबूची कामटी बांधून अंगठ्याला आराम द्यायचा. न्हाईच सुटला तर डाक्तर बारीक चिरा देणार. गाठ आत हाय म्हणं, कातडं जाळून काय व्हायचं?"

"आन् म्हस कोण पिळणार?" तिचा नवरा गुरगुरला.

धन्य ते मर्द! बाईचा हात भाजायला दोघं तयार, म्हशीखाली बसायला एकही न्हाई. विळा मी पाण्यात बुडवला आणि दुधाची चरवी जावयाच्या हातात दिली.

"लोकं हसतील, मामा!" तो कुरकुरला.

मंडळी, हसाल का हो तुम्ही?