वाचकाच्या घरचा कूलर

माझे संकेतस्थळ कोणीच वाचत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मी स्वतः ते रोज वाचत असे.

निवृत्तीपर्यंत मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर, ज्या वयात माझे समवयस्क बागेत जाऊन सामुदायिक हास्याचा सराव करतात, त्या वयात मी मुलीकडून संकेतस्थळ उभारण्याची विद्या शिकलो. विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न नव्हता. नागपुरात जन्मलेल्या माणसाने जिचे उपकार आजन्म स्मरावेत अशी वस्तू एकच, ती म्हणजे कूलर. (एसी हा ज्यांना मे महिन्याशी बोलायचेच नसते अशा लोकांसाठी असतो.) 'वाळा आणि वारा' या शीर्षकाखाली मी कूलरचे अवघे शास्त्र मांडले. बाष्पीभवनाने हवा गार का होते, कूलरच्या बाजूंना बसवलेल्या ताट्यांमधला वाळा केव्हा बदलावा, आपल्या पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली भोके कशी मोकळी करावीत, आणि समोरची खिडकी बंद ठेवल्यास खोलीचे न्हाणीघर का होते, हे सारे त्यात सप्रमाण होते. लेखक म्हणून नाव मात्र घातले नाही. संकोच वाटला.

पानाच्या तळाशी 'आपला अभिप्राय कळवावा' अशी चौकट ठेवली आणि वाट पाहू लागलो. चौकट कोरी राहिली. उन्हाळा चढला, शहरभर कूलर गरगरू लागले, तरी चौकट कोरीच. मग मी घरातून सुरुवात केली. मुलीला दुवा पाठवला, तर तिचा उंचावलेला अंगठा इतक्या तत्परतेने आला, की तेवढ्या वेळात कोणाचा मथळाही वाचून होणार नाही. पत्नीच्या, म्हणजे सुमतीच्या, हातात मी मोबाइल उघडूनच दिला.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.

"मी मजकुराविषयी विचारतो आहे."

"अहो, आपला कूलर आठवडाभर खडखड करून राहिला आहे. त्याचं काही आहे का यात?"

होते. तिसऱ्या प्रकरणात होते. परंतु आमच्या घरचा कूलर सुमतीचा धाकटा भाऊ दिलीप दुरुस्त करतो. मला शास्त्र अवगत आहे. पाना कोणत्या बाजूने धरावा याविषयी माझ्या मनात अद्याप मतभेद आहेत.

दिलीपनेच तोडगा सुचवला. "भाऊजी, लिहायचा कंटाळा येते लोकायले. तुम्ही नंबर टाका तुमचा. नागपूरचा माणूस लिहिणार नाही, पण बोलायले कधी नाही म्हणत नाही."

मी अभिप्रायाच्या चौकटीखाली, अतिशय लहान अक्षरांत, माझा भ्रमणध्वनी क्रमांक दिला. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन वाजला. एका बाईंचा आवाज होता.

"भाऊ, 'वाळा आणि वारा'वरून तुमचा नंबर भेटला."

"आपण वाचलंत?" मी विचारले. आवाज माझाच होता, पण कापत होता.

"हो, सगळं वाचलं ना. मग येता का आता? आमच्या कूलरचा पंखा फिरते, पण ताट्यांवर पाणीच नाही येऊन राहिलं."

गैरसमज माझ्या तत्काळ ध्यानात आला. त्या मला मिस्त्री समजत होत्या. मी तसे सांगायला हवे होते. परंतु जिने माझे सगळे वाचले आहे अशा पृथ्वीवरील एकमेव व्यक्तीला नकार देणे मला कृतघ्नपणाचे वाटले.

"येतो," मी म्हणालो.

सुमतीने विचारले, "तुम्ही कूलर दुरुस्त करायला चालले?"

"अभिप्राय घ्यायला चाललो आहे."

"मग इस्त्रीचा शर्ट घाला."

दिलीप हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवर आला. "वाचकाकडे रिकाम्या हातानं जात नसते, भाऊजी," तो म्हणाला.

घर धंतोलीत होते. कूलर गॅलरीतून दिवाणखान्याच्या खिडकीला लावलेला होता, आणि खिडकीसमोर एका खाटेवर, गच्चीवरून नुकत्याच उतरवलेल्या कुरडयांची पांढरीशुभ्र रास होती. दिलीप पिशवी उघडू लागला, तेव्हा मी त्याला अडवले.

"मी करतो. माझी वाचक आहे."

"भाऊजी, पाहा हं."

मी गॅलरीत जाऊन ताटी उतरवली, पंपाची नळी सोडवली आणि वरच्या पन्हळीतली भोके सुईने एकेक मोकळी केली. सारे चौथ्या प्रकरणाबरहुकूम. आयुष्यात प्रथमच माझ्या हातांनी माझ्या डोक्याचे ऐकले होते. नळी पुन्हा जागी ठेवली आणि आतल्या दिलीपला भारदस्त स्वरात सांगितले, "सुरू कर."

पंप सुरू झाला. पंखाही सुरू झाला. नळीने मात्र पंपाची साथ सोडली. सुटलेली धार आधी माझ्या इस्त्रीच्या शर्टावर आणि नंतर पंख्यावर आदळली, आणि पंख्याने, कोणताही भेदभाव न करता, ती संपूर्ण दिवाणखान्यात वाटली. भिंतीवरच्या घड्याळाला मिळाली, बाईंच्या चष्म्याला मिळाली, दिलीपला मिळाली. कुरडयांना तर भरपूर मिळाली.

"बंद करा, बंद करा!" बाई ओरडल्या. दिलीपने बटण दाबले. शांततेत केवळ कुरडया विरघळत होत्या.

मला वाटले, आता त्या हात धरून बाहेर काढतील. त्यांनी चष्मा पुसला, पदराने मोबाइल पुसला आणि त्या गॅलरीत आल्या.

"हे पाहा भाऊ, इथं काय लिहिलं आहे. 'पंप सुरू करण्यापूर्वी नळी त्याच्या मुखावर दृढपणे बसलेली आहे, याची खातरजमा करावी. अन्यथा जलधारा अपेक्षित दिशेचा त्याग करते.'"

माझे वाक्य मी प्रथमच दुसऱ्याच्या मुखातून ऐकत होतो. स्वल्पविरामाशी त्या बरोबर थांबल्या होत्या. माझ्या नाकावरून पाणी ठिबकत होते आणि मी कृतार्थ उभा होतो.

"पुन्हा एकदा वाचता का?" मी म्हणालो.

"तुम्हाले दहादा वाचून दाखवावं लागते, असं दिसते."

"लिहिलं कसं आहे?"

"एक नंबर. भाषा जराशी जड आहे, पण लिहिणारा जाणकार आहे. वर्ध्याच्या बहिणीलेही पाठवलं मी. तुमचा नंबर त्याच पानावर आहे ना? मग तुम्ही काहून नाही वाचत?"

"अहो ताई, हेच तर ते..." दिलीपने तोंड उघडले. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्या अनामिक लेखकाविषयी एका वाचकाच्या मनात नितांत आदर निर्माण झाला होता. मी त्याची बदनामी होऊ देणार नव्हतो.

मग दिलीपने तार गुंडाळून नळी आवळली. ताट्या भिजल्या. बाईंनी समोरची खिडकी उघडली ("तेही लिहिलं आहे त्यात," त्या मला समजावून म्हणाल्या) आणि वाळ्याच्या वासाची अशी गार झुळूक आली, की ओल्या शर्टात मला हुडहुडी भरली. दुसऱ्या प्रकरणात लिहिल्याप्रमाणेच भरली. कुरडयांबद्दल मी पुनःपुन्हा क्षमा मागितली, तरी त्यांनी आम्हाला चहा पाजूनच सोडले.

घरी सुमती दारातच होती. "काय म्हणाली वाचक?"

"जाणकार म्हणाली."

"आणि शर्ट?"

"जलधारेने अपेक्षित दिशेचा त्याग केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो चौकटीत मजकूर! मी घरातल्या सर्वांना बोलावले, मुलीलाही व्हिडिओवर घेतले आणि उभे राहून मोठ्याने वाचले: 'माहिती फार उत्तम आहे. एक विनंती आहे, खाली ज्या मिस्त्रीचा नंबर दिला आहे तो काढून टाका. माणूस सज्जन दिसते, पण त्याले कूलरमधलं काही समजत नाही. त्याचा हेल्पर मात्र हुशार आहे.'

हेल्पर त्या दिवसापासून आमच्याकडे जरा ताठ मानेने जेवतो. मी मात्र लेखकाच्या कर्तव्यास जागून लगेच उत्तर दिले: 'आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल ऋणी आहे. संबंधित मिस्त्रीस कडक समज देण्यात आली असून, यापुढे हे संकेतस्थळ अधिक लक्षपूर्वक वाचण्याचे त्याने मान्य केले आहे.'