नवव्या पाटावरून

गुड्डीचे पाय धुऊन झाले होते. कपाळाला कुंकू, मनगटात लाल धागा, समोर पुरी, हरभरे, शिरा. तिनं पहिला घास मोडला आणि माझ्या क्लासच्या सरांच्या आईनं सहज विचारलं, "तू कोनाची पोरगी गं?"

गुड्डी माझी धाकटी बहीण. सात वर्षांची. खुशीत म्हणाली, "राजघाटवर जोडे शिवतात ना, त्या बाबांची नात. तुमची चप्पल पन त्यांनीच शिवली."

म्हातारीनं तिला दंडाला धरून उठवलं. "बाहेर बस बेटा, इथं गर्मी होते." गर्मी एकट्या गुड्डीलाच होणार होती. बाकीच्या आठजणी जेवत राहिल्या. म्हातारीनं पाट उचलला, जागेवर पाणी शिंपडलं. सर तांब्या घेऊन तिथंच उभे होते. त्याच तांब्यानं, परातीत, त्यांनी तिचे पाय धुतले होते. आता ते घड्याळाकडे बघत होते.

हे गेल्या वर्षीचं. आजोबा-पणजोबांच्या काळातलं नव्हे. नवरात्रातल्या अष्टमीच्या सकाळी बुरहानपुरात कन्यापूजनासाठी पोरींना फार मागणी. प्रत्येक घराला नऊ कन्या हव्यात, आणि पोरी या घरून त्या घरी पळत असतात. सरांना एक कमी पडली. मी त्यांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जायची, म्हणून त्यांनीच फोन केला. "तुझी छोटी बहीण है ना? घेऊन ये लवकर." नदीपलीकडच्या जैनाबादहून पूल ओलांडून मी तिला सायकलवर आणलं. सरांना आमची जात माहीत होती. क्लासला नाव घालताना त्यांनी विचारून घेतली होती. स्वतःच्या आईला सांगितली नव्हती, कारण नऊ भरायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर क्रियापदं लिहिली. वाईट गोष्ट कमी करण्याची. दुखणं असेल तर ॲलिव्हिएट. नुकसान असेल तर मिटिगेट. ताण असेल तर ईज. धक्का असेल तर सॉफ्टन. बोलणं असेल तर टोन डाऊन. "एकाच्या जागी दुसरा चालत नाही," सर म्हणाले. "प्रत्येकाची जागा ठरलेली." शब्दांबद्दलच बोलत होते. तरी मी कान टवकारले.

मग माझ्याकडे बघत त्यांनी उदाहरण दिलं. "काल आमच्या घरी छोटीशी गलतफहमी झाली. आय मिटिगेटेड इट."

कशी मिटिगेट केली, ते मी पाहिलं होतं. फाटकाशी येऊन त्यांनी गुड्डीपुढं शिऱ्याचा डबा धरला, वर एक चॉकलेट. तिनं दोन्हीला हात लावला नाही. घरी येऊन कपाळ पुसलं आणि आईला विचारलं, "मी काय केलं?" मला फार संताप आला.

क्लास सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. आवाज एकदम मऊ. "बेटा, पुढच्या महिन्यापासून लहान मुलांची बॅच तुला देतो. कालचं कुठं बोलू नको. आई जुन्या जमान्याची आहे. जरा टोन डाऊन कर."

ती बॅच म्हणजे माझी पहिली नोकरी. तिच्यासाठीच मी फळा पुसला, खुर्च्या लावल्या, सर सांगतील ते केलं. आणि ती आज मिळत होती. नेमकी आजच. माझ्या इंग्रजीसाठी की माझ्या तोंडासाठी?

मी विचारलं, "सर, फळ्यावरचे सगळे शब्द कमी करण्याचे आहेत. बंदच करायचं असेल तर?"

सर हसले. "वो अलग चॅप्टर है."

"मग तो आधी घरी शिकवा. तोवर तुमची बॅच मला नको."

त्यांनी परत बोलावलं नाही. इंग्रजी मी सोडली नाही, घरी शिकते. शब्द सगळे पाठ आहेत, पण माझा विश्वास एकावरही नाही. कोणी मऊ बोलायला लागलं की मी बघते, हा काय कमी करतोय. माझं दुखणं, की दुखण्याची बोंब?

यंदा अष्टमीला सरांच्याच गल्लीतून फोन आला. दुसरं घर. "ताई, एक कन्या कमी आहे. तुमच्याकडं आहे ना?"

मी म्हटलं, "आधी जात विचारा."

"अहो, आम्ही नाही मानत तसलं."

"मग घरातल्या आजींना फोन द्या. त्यांच्या तोंडून ऐकते."

फोन कट.

गुड्डी दारात उभी राहून ऐकत होती. सकाळीच अंघोळ करून नवा फ्रॉक घातला होता तिनं. मी तिला सांगितलं, तुझे पाय आता कोणाच्या परातीत जाणार नाहीत. मोठी झालीस की तुझ्या पोरीचेही नाहीत. त्या नवव्या पाटावर आपल्यातलं कोणी बसणार नाही. त्यांची पूजा अपुरी राहू दे.