दळण होईपर्यंत

खरं सांगा, तुम्हाला शेवटचा दम कधी लागला होता? जिना चढताना लागतो तो नाही, तो लाजेचा दम. विचारणं आहे कमावलेल्या दमाबद्दल. छाती भात्यासारखी चालते, कानात रक्त वाजतं आणि तरी माणूस हसतो, तसा.

जीवरामला तो आठवायचा. नशिराबादच्या पलीकडे हायवे सोडून आत वळलं की त्याचं गाव. तिथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या ओढतात. एकीमागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत दाटीवाटीनं बसलेलं गाव, आणि पुढे बैलांच्या जागी हळद माखलेला एक माणूस, भगत. दोन्ही अंगांनी त्याला सावरणारे बगले. वेशीपासून मरीमातेच्या देवळापर्यंत. खेळ थोडक्या वेळाचा, पण गावाला तो वर्षभर पुरतो.

तो मान जीवरामच्या घराचा. त्याचे वडील, सारं गाव त्यांना नाना म्हणायचं, ओढायचे तेव्हा तरणा जीवराम बगला होऊन बाजूनं धावायचा. नाना काही तालीमबाज नव्हते. दिवसभर केळीच्या बागेत राबणारा माणूस. पण आखाजी जवळ आली की घरी परतताना नदीत उतरायचे. वाळूतून जीव खाऊन पळायचे, थांबायचे, श्वास जागेवर आला की पुन्हा पळायचे. चुलीवरच्या भाकऱ्या होईस्तोवर माणूस दारात. जीवरामची आई म्हणायची, “एवढ्यात काय होते?” नाना म्हणायचे, “ताट वाढ, मंग सांगतो.” आणि जेवायला बसले की सांगायचं विसरून जायचे.

आज त्या नदीत वाळू नाही. डंपरवाल्यांनी रातोरात उपसून नेली आणि आपण खिडक्या लावून झोपलो. असो, ते भांडण वेगळं चालू आहे.

नानांमागे मान जीवरामकडे आला. पण बागेच्या जोडीला पिठाची गिरणी आली, सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसणं आलं. पोट सुटलं, रक्तात साखर वाढली. गेल्या आखाजीला गाड्या मधेच थांबल्या, देऊळ समोर दिसत असताना. जीवराम जुवावर ओणवा पडला. लोक खाली उतरले, कुजबुजले, यानं भगताचा उपास मोडला असेल. त्यानं तो आळ मुकाट सोसला. दम राहिला नाही हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं.

दिवाळीनंतर पंच गिरणीत आले. “जीवरामभाऊ, औंदा तुह्या बगल्याले, हितेंद्रले उभं करू. तरना पोऱ्या हाये.”

“मी मेलो काय?”

“मेला नाही, म्हनूनच सांगून राहिलो.”

जीवरामनं रडकुंडीला येऊन ही एक आखाजी मागून घेतली. यंदा गाड्या थांबल्या तर मान कायमचा दुसऱ्या घरी.

मग सगळे करतात तेच त्यानं केलं. पहाटे हायवेच्या कडेनं लांबच लांब चालायला लागला. दळणं तुंबली, बायका ओरडल्या, चालणं सुटलं. त्याची मुलगी मयुरी धुळ्याला देवपुरात शाळेत खेळ शिकवते. ती माहेरी आली तेव्हा म्हणाली, “पप्पा, चालणं चांगलंच. पण गाड्या काय फिरत फिरत ओढायच्यात? थोडंच करा, पण अंगातलं सगळं लावून. मग थांबा, श्वास येऊ द्या, पुन्हा करा.”

“टाइम कुठं हाये माह्याकडे?”

“बेबामावशीचं दळण होईपर्यंत आहे की.”

जीवरामला नदीतली वाळू आठवली. हे तर नाना करायचे.

आधी मयुरीनं त्याला जळगावला नेऊन हृदय तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, करा, पण बेतानं वाढवा. मग रोज डबा चक्कीत ओतला की जीवराम मागच्या आवारात. सुरुवातीला नुसत्या बैठका. पुढे खांद्यावर गव्हाचं पोतं घेऊन ओट्याच्या पायऱ्या, भरभर.

दळणाला आलेली बेबाबाई खिडकीतून बघायची. “काय रे, चक्की इकडं फिरून राहिली न तू तिकडं डुलून राहिला? बाजरी जाडी निघाली तर तुह्याच घरी येऊन भाकरी थापीन.”

“थाप न मावशी, मीच खाईन.”

“खाऊनच तर आव्हडा झाला.”

होळीपर्यंत त्याला झोप गाढ लागू लागली. साखर उतरली, डॉक्टरनं गोळी कमी केली. पोतं हलकं वाटू लागलं, म्हणून जड घेतलं.

आखाजीला गाड्या हलल्या. हितेंद्र बगला होता. देऊळ दिसायला लागलं आणि दम संपत आला. जीवराम थांबला. गाड्यांतून “थांबल्या, थांबल्या” असा सुस्कारा उठला. हितेंद्रनं जुवाला हात घातला.

“हात काढ,” जीवराम म्हणाला. “श्वास घेऊन राहिलो.”

हितेंद्रनं हात काढला. जीवरामनं दोन-चार श्वास पोटभर ओढले, मान खाली घातली आणि रेटलं. चाकं करकरली. गाड्या देवळापाशीच जाऊन उभ्या राहिल्या.

लोक म्हणाले, मातेनं ओढल्या. जीवराम पण तेच म्हणाला. म्हणू द्या. पण आवारात घाम मातेनं गाळला नव्हता.

तेव्हा एक मागणं आहे. “वेळ नाही” हे वाक्य आजच्यापुरतं गिळा. चाळिशी उलटली असेल तर आधी डॉक्टरांना छाती दाखवा. मग कामाच्या रगाड्यात रिकामा पडणारा एखादा तुकडा हेरा आणि त्यात मोबाइल न काढता घाम काढा. उद्या नको, आजच करा.