चिठ्ठीवाले सर

हरल्यावर सर अगदी मोकळे असायचे. बेंचवर पाय पसरून चहा प्यायचे, समोरच्या टीमच्या पोरांच्या पाठीवर थाप मारायचे आणि आम्हा पत्रकारांना म्हणायचे, "या, आज लिहायला काही नाही, वडापाव तरी खा." जिंकले की मात्र त्यांचा चेहरा ओढल्यासारखा व्हायचा. शर्टाच्या खिशावर हात ठेवून खोलीत यायचे, खुर्चीवर टेकायचे, पण पाठ लावायचे नाहीत. जिंकलेला माणूस एवढा घाबरलेला का, हे मला पहिले दोन महिने कळलं नाही.

सर फुटबॉलचे कोच. परळच्या त्यांच्या क्लबची व्यायामशाळा होती आणि तिच्या मागे एक खोली. कॅरम बोर्ड भिंतीला उभा करायचा, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, झाली पत्रकार परिषद. शब्द मोठा होता, खोली लहान. आम्ही चार-पाच जण असायचो. मी त्यातली सगळ्यात नवी. करमाळ्याहून आलेली, घरातली पहिली पदवीधर, दादरच्या एका मराठी दैनिकात लागून जेमतेम महिना झालेला. क्रिकेट आणि कबड्डी जुन्या लोकांनी वाटून घेतलेली होती, म्हणून फुटबॉल माझ्या वाट्याला आला.

पहिल्याच दिवशी त्यांच्या स्ट्रायकरने दोन गोल मारले होते. इंग्रजी पेपरच्या एका ज्येष्ठ पत्रकारांनी त्याच्याबद्दल विचारलं. सर म्हणाले, "त्याचं काय सांगायचं? गोल सगळ्यांनी बघितलेत." मग त्यांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि राइट हाफचं नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, दोनदा. "आली चिठ्ठी," ते ज्येष्ठ माझ्या कानाशी पुटपुटले. सगळे पत्रकार त्यांना आपसांत चिठ्ठीवाले सर म्हणायचे.

मी स्ट्रायकरचंच लिहिलं. पुढच्या आठवड्यात सरांनी मला मैदानाच्या दारातच गाठलं.

"तू त्याचंच लिहिलंस ना?"

"सर, गोल त्याने मारले होते."

"त्याच्याकडे अकरा कात्रणं आहेत. राइट हाफकडे एक नाही."

त्या कात्रणांची गोष्ट मला पुढे हळूहळू समजली. सरांची पोरं लालबाग-परळच्या चाळींतली. बँका, रेल्वे, सरकारी कार्यालयं खेळाडूंच्या जागा भरतात, त्या भरतीसाठी प्रत्येकाची एक फाइल तयार होत असे. प्रमाणपत्रं सगळ्यांकडे सारखीच. सर स्वतः एका बँकेच्या टीममधून खेळून तिथेच निवृत्त झालेले. ते सांगायचे, "माझी फाइल साहेबाने भराभर उलटली. कात्रणावर येऊन थांबला. तिथेच मी लागलो." मोबाइलवर येणाऱ्या बातम्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. साहेब लोकांना हातात धरायला कागद लागतो, असं त्यांचं मत होतं. आणि कागदावर नाव यायचं तर मॅच जिंकायला लागायची. "हरलेल्यांची नावं कोण छापतंय? एक मॅच जिंकली की एक नाव. तेवढीच जागा मिळते आपल्याला. ती वाया गेली तर?" म्हणून जिंकल्यावर ते घाबरायचे.

माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक. ते पर्मनंट झाल्याचं पत्र आईने देवघरात ठेवलं होतं. सरांची भीती मला कुणी वेगळी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पण सरांनी कुणाचं खोटं कौतुक केलं नाही. एकदा चिठ्ठीत राखीव गोलकीपरचं नाव निघालं, जो पूर्ण मॅचभर बेंचवरून उठलाही नव्हता. सगळे हसले. सर म्हणाले, "पेनल्टी कोण कुठल्या पायाने मारतो हे ह्याने तीन मॅचेस बघून लिहून काढलं होतं. आज आमच्या गोलकीपरने उजवीकडे उडी मारली ती ह्याच्या सांगण्यावरून. विचारा त्याला." आम्ही विचारलं. खरं होतं. त्यावर मी त्यांना छेडलं, तर म्हणाले, "खोटं मी सांगत नाही. खरं पुष्कळ असतं. त्यातलं कुठलं सांगायचं ते मी ठरवतो."

मला प्रश्न विचारायची सवय त्यांनीच लावली. मी नुसती लिहून घ्यायची, तोंड उघडायची नाही. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गो, हळदीकुंकवाला आलीयस काय? विचार काहीतरी." खोली हसली, माझे कान तापले. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "तू बघतेस नीट. बघितलेलं पोटात ठेवू नको. तू विचारलंस तर मी टाळणार नाही, एवढा शब्द देतो." त्यानंतर प्रत्येक वेळी मी एक तरी प्रश्न विचारला. त्यांनीही शब्द पाळला.

मंगेश त्यांचा लेफ्ट बॅक. (हे नाव मी बदललं आहे.) लालबागला राहायचा, वडील नव्हते, आई घरगुती डबे करायची. एका सरकारी कार्यालयाची भरती निघाली होती आणि त्यानंतर तो वयातून बाद होणार होता. त्याच्या फाइलमध्ये गल्लीतल्या स्पर्धांची कात्रणं होती, मोठ्या स्पर्धेचं एकही नव्हतं. त्या वर्षी क्लब प्रथमच मोठ्या स्पर्धेच्या सेमीफायनलला पोचला. जिंकले तर चिठ्ठीत मंगेशचं नाव असणार, हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. अर्ज द्यायला आठवडा उरला होता.

मॅच चार वाजता सुरू झाली. बाकीचे पत्रकार पलीकडे मंडपाच्या सावलीत बसले होते. मी नेहमीसारखी कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभी. सरांची टीम एका गोलने पुढे होती. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना समोरच्यांनी बाजूने मारलेला एक क्रॉस गोलसमोरच्या बॉक्समध्ये आला आणि मंगेशच्या उचललेल्या हाताला लागला. माझ्यापासून पंधरा पावलांवर. आवाजसुद्धा आला. रेफरीच्या आणि त्याच्या मध्ये दोन खेळाडू होते. समोरच्या स्ट्रायकरने हात वर करून दाद मागितली, पण तो मॅच सुरू झाल्यापासून प्रत्येक गोष्टीला हात वर करत होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पेनल्टी द्यायला हवी होती, दिली गेली नाही. दुसऱ्या बचावपटूने बॉल बाहेर मारला, तो सरांच्या बेंचसमोर गेला. थ्रो-इनच्या वेळी मंगेश तिथे गेला. सरांकडे बघून काहीतरी म्हणाला, सरांनी दोन शब्दांत उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही. टीम जिंकली.

खोलीत जाईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की हे कुणी पाहिलेलं नाही. मंडपातून ते दिसणं शक्यच नव्हतं. मी गप्प बसले तर प्रश्न तिथेच संपणार होता. सर आले, टेकले, चिठ्ठी काढली. मंगेशचं पूर्ण नाव दोनदा वाचलं. म्हणाले, "डावी बाजू त्याने बंद ठेवली. पूर्ण मॅचभर तिथून एक माणूस आत आला नाही." तेही खरं होतं. पेनं चालू लागली. मंगेश दाराशी उभा होता, डोक्यावरून पाणी ओतल्यामुळे केस ओले.

"अजून काही?" सर म्हणाले आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

मी का विचारलं, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. धैर्य वगैरे नव्हतं. त्यांनी पाहिलं आणि मला न विचारणं जमलं नाही.

"सर, शेवटी तुमच्या बॉक्समध्ये हँडबॉल झाला होता का?"

इंग्रजीवाले ज्येष्ठ खुर्चीतच माझ्याकडे वळले. दारातला मंगेश जागच्या जागी ताठ झाला. सरांनी ग्लास उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला.

"झाला. बॉल मंगेशच्या हाताला लागला."

क्लबचे सेक्रेटरी मागून म्हणाले, "सर, बस झालं आता. चहा घेऊया."

"थांबा हो. तिने विचारलंय." सर सावकाश बोलत होते, नाव वाचतात तसंच. "थ्रो-इनला तो माझ्यासमोर आला. म्हणाला, सर, हात लागलाय, रेफरीला सांगतो. मी म्हटलं, गप्प खेळ. पोरगा सांगायला निघाला होता, मी अडवला. लिहून घ्या. माझं नाव घाला, त्याचंही घाला."

मग मला म्हणाले, "लिहिलंस?"

"हो सर."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत ती बातमी होती. एरवी चार ओळी मिळायच्या तिथे दोन कॉलम मिळाले. प्रामाणिक खेळाडू, अडवणारा कोच. निकाल बदलला नाही, रेफरीचा निर्णय शेवटचा. पण क्लबने नाव खराब केल्याचं कारण देऊन सरांना विश्रांती दिली. फायनलला ते बेंचवर नव्हते. वीस वर्षं सांभाळलेली बॉलच्या खोलीची किल्ली त्यांनी सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आणि चिंचपोकळीला घरी गेले.

मंगेश लागला. तीन महिन्यांनी दादरच्या आमच्या ऑफिसात पेढे घेऊन आला. मी पेढा तोंडात टाकला तरी मंगेश खुर्चीवर बसेना.

"ताई, एक सांगू? मी तसं काही म्हणालोच नव्हतो."

"मग थ्रो-इनला काय बोललास?"

"मी म्हटलं, वाचलो सर. सर म्हणाले, नीट खेळ."

मी पेढ्याचा कागद घडी करत राहिले. त्याने एका दमात पुढचं सांगितलं. मुलाखतीत मोठ्या साहेबांच्या समोर कात्रण होतं. ते म्हणाले, आम्हाला अशी माणसं हवीत. मंगेशने मान हलवली. आता त्याच्याकडे रजेच्या अर्जांचं टेबल, कुणी अर्ज मागच्या तारखेने घे म्हटलं तरी त्याला घेता येत नाही, शेजारच्या टेबलांवरचे लोक साधुमहाराज म्हणून चिडवतात. "त्या दिवशी खोलीतून बाहेर आल्यावर सरांनी मला भिंतीशी घेतलं," तो म्हणाला. "म्हणाले, मी सांगितलंय म्हणजे तू तसं बोलला होतास. आता तसाच राहा. जड जाईल."

त्याच आठवड्यात मी चिंचपोकळीला गेले. सर गॅलरीत पाटावर बसून कोळंबी सोलत होते.

"बस गो. पेढे खाल्लेस त्याचे?"

"सर, तो तसं म्हणाला नव्हता."

"नव्हता."

"तुम्ही खोटं सांगत नाही म्हणायचात."

"त्या दिवशी सांगितलं." त्यांनी आणखी एक कोळंबी उचलली. "छापणार असशील तर छाप, मी नाकारणार नाही. फक्त पोराला एक दिवस आधी कळव. आईला सांगायला वेळ लागेल त्याला."

मी ती बातमी छापली नाही. हे बरोबर केलं, असं माझं म्हणणं नाही. विचारायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच बाबतीत मी पाहिलेलं आणि ऐकलेलं पोटात ठेवलं. सरांनी मात्र त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत आणि कधी टोचूनही बोलले नाहीत. मी भेटायला गेले की नव्या पोरांचे खेळ कसे आहेत, एवढंच विचारायचे.

गेल्या वर्षी सर गेले. ज्या क्लबने त्यांना घरी बसवलं होतं, त्यानेच व्यायामशाळेत शोकसभा ठेवली, फोटोला मोठा हार घातला. सेक्रेटरी सरांच्या शिस्तीबद्दल बोलले. मंगेशच्या कार्यालयाची टीमही आली होती आणि ते मोठे साहेब पहिल्या रांगेत होते. सेक्रेटरी म्हणाले, सरांकडून आयुष्यात एक चूक झाली, ती आपण आज विसरू या.

मंगेश उठला. त्याला कुणी बोलायला बोलावलेलं नव्हतं. माइकपाशी गेला नाही, खुर्चीजवळूनच बोलला.

"ती चूक सरांची नव्हती. हात माझा लागला होता. मी रेफरीला सांगतो वगैरे काही म्हणालो नव्हतो, सुटलो म्हणून खूश होतो. सरांनी मला अडवलं नाही. मला नोकरी लागावी म्हणून ते तसं बोलले. नोकरी लागली. आज साहेब समोर बसलेत, म्हणून सांगतोय."

तो खाली बसला. शेजारी त्याची आई होती, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त त्याचं मनगट धरलं. सेक्रेटरींनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं.

बाहेर चपला घालताना मोठे साहेब मंगेशजवळ थांबले. सगळे आपापल्या चपला शोधत असल्यासारखे खाली बघत होते. साहेब बराच वेळ चपलेचं एक बक्कल लावत राहिले.

"सोमवारी येणार आहेस ना?" ते म्हणाले.

"येणार आहे साहेब."

"वेळेवर ये. आणि रजेच्या अर्जांचं टेबल तुझ्याकडेच राहील."