रफूकाकूंचा कोरडा धागा

गल्लीच्या टोकाला ड्रायक्लीनरचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत रफूकाकू बसतात. त्यांचं खरं नाव सांगायचं तर दुकानाच्या मालकालाही डोकं खाजवावं लागेल. कोटाला सिगारेटने भोक पडलेलं असो की शाल खिळ्याला अडकून फाटलेली असो, काकू त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढतात आणि भोक असं विणून टाकतात, की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारतं, भोक होतं तरी कुठे? काकूंना याहून मोठी शाबासकी नको असते.

हे काम नजरेचं, असं सगळे म्हणतात. ते निम्मंच खरं आहे. केसाएवढा धागा सुईत घालायचा तर त्याचं टोक आधी ओठांत धरून ओलं करावं लागतं, म्हणजे फुटलेले तंतू एक होतात. चाळीस वर्षं काकूंनी दिवसातून शंभरदा हे केलं आणि त्यात काही विशेष आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. नळाला पाणी असतं तोवर नळाकडे कोण बघतं?

गेल्या वर्षापासून मात्र धागा सुईत जाईना. ओठांतून बाहेर आलं तरी टोक पिंजारलेलंच. काकूंनी निदान केलं की डोळे गेले. मग नवा चष्मा झाला, जास्त उजेडाचा दिवा झाला, खुर्ची खिडकीशी सरकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं, तेव्हा या माणसाचेच डोळे कुणीतरी तपासायला हवेत असं काकूंचं मत पडलं. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी त्यांनी मालकाला सांगून टाकलं, या महिनाअखेरीला काम सोडते. दुकानात हसत सांगितलं आणि घरी येऊन रडल्या. नवरा गेल्यापासून याच कामाने त्यांना उभं ठेवलं होतं.

मुलगा नोकरीमुळे सतत फिरतीवर, त्यामुळे घरात बहुतेक वेळा काकू आणि सून अशा दोघीच. वाकडं काहीच नव्हतं, पण बोलणं कमी कमी होत चाललं होतं. काकू हल्ली सुनेबरोबर जेवायलाही बसत नसत. मागाहून एकट्या बसायच्या, घासागणिक पाणी पीत अर्धंमुर्धं संपवायच्या आणि उरलेलं झाकून ठेवायच्या. वय झालं की घसा सुकायचाच, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. सून उरलेलं बघायची आणि काही बोलायची नाही.

मग एकदम दोन दाढा किडल्या, गालाच्या आत पांढरे डाग उठले आणि तोंडाची आग आग व्हायला लागली. सून हट्टाने त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी छोटा आरसा तोंडात घातला, तर तो गालाला चिकटूनच बसला. त्यांनी तो अलगद सोडवला आणि विचारलं, तोंड कधीपासून कोरडं पडतंय? काकू म्हणाल्या, ते असू दे, तुम्ही दाढांचं बघा.

लाळ म्हटलं की आपण नाक मुरडतो. डॉक्टरीणबाईंनी मात्र घरच्या लेकीचं करावं तसं तिचं कौतुक केलं. ती सारखी तोंड धूत असते, अन्नाचे कण आणि जंतू पोटात ढकलते, आणि पोटातलं आम्ल त्यांतल्या बहुतेकांचा समाचार घेतं. दातांना खाणारं आम्ल ती सौम्य करते, झिजलेल्या दाताला क्षार परत देते. जंतूंना मारणारे आणि चिकटू न देणारे पदार्थही तिच्यातच असतात. गालाच्या आतलं अस्तर सारखं झडतं आणि चिकटलेल्या जंतूंना सोबत घेऊन जातं. शिवाय तोंडात निरुपद्रवी जंतूंची जुनी वस्ती असते. ती जागा अडवून बसते, म्हणून नव्या उपद्रव्याला सहज पाय रोवता येत नाही.

"लाळ आटली की ही राखणच उठते," बाई म्हणाल्या. "दाढा भरून देईन, डागांवर औषध देईन, पण हे पुन्हा होईल. काकू, रोजच्या काही गोळ्या घेता का?"

गोळ्या चालू होत्या आणि सून शेजारच्याच स्टुलावर बसली होती. नवरा गेल्यावर सकाळी अंथरुणातून उठणंच नको वाटायला लागलं, तेव्हा त्या कुणाला न सांगता मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्यांच्या गोळ्यांनी त्या सावरल्या, पुन्हा सुई धरायला लागल्या. घरात कळलं तर आपल्याला वेडी ठरवतील, या भीतीने वर्षभर त्यांनी त्या हुकांच्या डबीत लपवल्या होत्या. आता नाही म्हणावं तर दातही जाणार आणि काम तर सुटलेलंच. हो म्हणावं तर सुनेच्या देखत. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यांनी खाली बघत गोळीचं नाव सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी सर्दीच्या औषधाचं लिहावं तसं ते लिहून घेतलं. या गोळीने तोंड सुकतं, ती घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ती आपल्या मनाने बंद तर अजिबात करायची नाही. त्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, ते मात्रा किंवा गोळी बदलता येते का ते बघतील. तोवर घोट घोट पाणी प्यायचं, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळायचं. तोंड चालू राहिलं की लाळ सुटते. काकूंनी भीतभीत सुईचं विचारलं. बाई म्हणाल्या, धाग्याचा दोषही याच कोरडीचा असणार, काम सोडायची घाई करू नका.

दोघी बसथांब्यावर आल्या. तिथे काकूंना राहवेना.

"वेडी नाही गं मी," त्या म्हणाल्या.

"वेडी मी, आई," सून म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला नकोसं झालंय. वर्षभर रोज मीठ कमी-जास्त करून बघतेय."

आपण लपवलं त्याची झळ घरात कुणाला लागली नाही, असं काकू आजवर धरून चालल्या होत्या. त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला आणि तिथेच, चार लोकांच्या देखत, रडायला लागल्या.