निःशब्द वाहनाची पूजा

यंदाच्या वैशाखात आमच्या घरी एकच विचार चालला होता: हायब्रिड गाडी घ्यायची ती नवी की वापरलेली? मुलगा कोरेगावाहून रोज लोणंदच्या कारखान्यात जातो, आणि त्याच्या आईला काचबिंदूच्या उपचारासाठी वरचेवर सांगलीला न्यावे लागते. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालणारी गाडी त्याला परवडणार होती. मला बॅटरीचे भय वाटे. दुसऱ्याने वापरलेल्या बॅटरीचे अधिकच.

सांगलीत हळदीचा व्यापार करणारे एक जैन स्नेही आहेत. दवाखान्यात जाताना आम्ही त्यांच्याकडे विसावतो. त्यांनी आपली जुनी हायब्रिड देऊ केली.

"चार दिस घरी न्या, गुरुजी. चालवून बघा, मग बोलू," ते म्हणाले. "आवाज म्हणाल तर अजिबात न्हाई. दारात आलो तरी घरात कळत न्हाई. आमची मंडळी म्हणती, तुमी कवा आला ह्येचा पत्ताच लागत न्हाई, म्हणून ही गाडी आधी काढा."

आम्ही हसलो आणि गाडी घेऊन आलो.

परक्याचे असले तरी दारी आलेले वाहन पूजेवाचून वापरू नये, असा आमच्या घरचा नेम. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने गाडी अंगणात पूर्वाभिमुख लावली. मी तिच्यावर स्वस्तिक रेखिले, हार घातला आणि ओणवा होऊन पुढच्या दोन्ही चाकांपुढे लिंबे ठेवली. आजवर शेकडो वाहनांची पूजा सांगितली. यंत्र बंद आहे की नाही हे मी कधी विचारले नाही. ते कानाला कळत असे. पत्नी औक्षणाचे तबक घेऊन गाडीसमोर उभी होती. तिला आता उजेड आणि सावली एवढेच उमगते.

"उतर, नमस्कार कर," मी मुलाला म्हणालो आणि बाजूला झालो.

यंत्राचा आवाज नव्हता, म्हणून गाडी बंद आहे अशीच त्याचीही समजूत होती. ऑटोमॅटिक गिअर तसाच पडलेला होता. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला.

लिंबू चिरडल्याचा बारीकसा आवाज आला. मी वळून पाहिले, तो गाडी पत्नीच्या दिशेने सरकत होती, आणि ती प्रसन्न मुद्रेने निरांजन सावरीत होती. मी तिला दंडाला धरून ओढले. तबक खाली पडले. मुलाने ब्रेक दाबला तेव्हा गाडी तिच्या निऱ्यांना टेकून थांबली.

"अहो, असं काय ओढता? कुंकू सगळं सांडलं ना," ती रागावली.

"आई, बंद होती गं. मला बंदच वाटली," मुलगा म्हणाला. त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

काय घडले ते मी तिला सांगितले. तिने हात पुढे करून गाडी चाचपली. मग म्हणाली, "इतकी जवळ आली आणि मला कळलंच नाही?"

दृष्टी गेल्यापासून ती मारुतीच्या देवळात एकटी जात असे, केवळ कानांच्या भरवशावर. दुसऱ्या सकाळी ती गेली नाही. तिसऱ्याही नाही. "गुडघा दुखतोय," म्हणाली. तिचा गुडघा कधी दुखत नाही हे मला ठाऊक होते. ती उंबऱ्यापाशी बसून रस्त्याकडे कान देई, आणि मला वाटे, डोळ्यांमागून कानांचा भरवसाही हिचा गेला. नामस्मरणातही माझे चित्त ठरेना. मिटल्या डोळ्यांपुढे ती गाडी सरकतच राही.

स्नेह्यांना फोन केला. ते म्हणाले, "गाडीचं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. वैनीस्नी काय लागलं न्हाई न्हवं?"

मुलाने त्यांची गाडी पोचवली आणि आम्ही तिघे साताऱ्याच्या एका शोरूममध्ये गेलो.

"आवाज करणारी दाखवा," मुलगा म्हणाला.

विक्रेता चकित झाला. "साहेब, सगळे शांत गाडी मागतात."

"त्यांच्या आया डोळस असतील."

नव्या गाडीत पादचाऱ्यांसाठी सोय आहे, असे विक्रेत्याने सांगितले. बॅटरीवर हळू चालताना ती मुद्दाम गुणगुणते. पत्नी म्हणाली, "मला ऐकू द्या." मागच्या आवारात तिला भिंतीलगत उभे केले. विक्रेता लांबून गाडी फिरवू लागला. मी तिच्या शेजारी देवाचे नाव घेत उभा होतो; मला काहीच ऐकू येत नव्हते.

"डावीकडे आहे," ती म्हणाली. "आता वळली. आता समोरून येतेय. थांबवा तिला." गाडी पुष्कळ दूर होती.

"हीच घ्या," ती मुलाला म्हणाली. नवी गाडी त्याला जड जाणार होती, पण तो दुसरे काही बोलला नाही.

दुसऱ्या सकाळी ती देवळाला निघाली. मी तिच्या नकळत काही अंतर ठेवून मागे चाललो. आपली गाडी गुणगुणेल. पण या रस्त्याने जाणाऱ्या इतरांच्या गाड्यांचे काय? कोपऱ्यावर ती थांबली. रस्ता मोकळा होता. मी दोन्ही बाजूंना पाहिले, पुन्हा पाहिले, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत श्वास घेतला नाही.